साठीच्या अक्षता

उमाजीराव सरनोबतांपुढे घरात कोणी उलट बोलत नसे. एकदा त्यांनी सून केसर हिला चिंचेने पितळी घागर घासताना पाहिलं. शेजारी अंगाला लावायचं डाळीचं पीठ होतं आणि केसांसाठी दही.

"हे न्हाणीघर की स्वयंपाकघर?" ते गरजले. "अन्न पोटात घालायला असतं. आजपासून खायची वस्तू तोंडाशिवाय कुठे लागली, तर गाठोडं बांधून माहेरी धाडीन!"

"बरं, मामंजी," केसर म्हणाली. तिला माहेरी जायचं नव्हतं. नवरा भला होता, पण बापापुढे गप्प बसणारा.

पुढच्याच आठवड्यात उमाजीरावांची साठी होती. मांडव पाहुण्यांनी भरला. नवा फेटा बांधून ते पाटावर बसले. ओवाळायला सगळ्यांत आधी केसर आली. तिने कुंकू लावलं, चिमूटभर अक्षता उचलल्या आणि थेट त्यांच्या तोंडाशी नेल्या.

"मामंजी, आ करा."

"वेड लागलं का? अक्षता डोक्यावर टाकतात!"

"तांदूळ आहेत, मामंजी. डोक्याला लागले तर मला माहेरी जावं लागेल. कच्चे आहेत, नीट चावून खा."

आधी उमाजीरावांची थोरली बहीण हसली. मग सगळा मांडव हसला.

"टाक बाई डोक्यावर," उमाजीराव पुटपुटले.

"आणि घागरीला चिंच?"

"घास."

"केसांना दही?"

"लाव गं, काय लावायचं ते लाव! पण आता ओवाळ लवकर."

"ओवाळते की. निरांजन कोरडंच ठेवलंय. त्यात तूप घालू ना, मामंजी?"