विसाव्याची जागा

ज्या काळाला अजून कुणी आकडा लावला नव्हता, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. एका टेकडीच्या अलीकडे एक गाव होते आणि पलीकडे नदी होती. टेकडीवरच्या माळावरून एक पायवाट जात असे. ती कुणी आखलेली नव्हती. पाय पडत गेले, गवत मागे सरले आणि वाट झाली.

त्या दिवशी विशेष काही नव्हते. गावातला गवंडी ओट्यावर बसून ओळंब्याची दोरी बदलत होता आणि त्याची बायको वाल सोलत होती. तेवढ्यात दवंडी आली. राजाने माळ एका शेटला दिला होता. शेट तिथे घरे बांधणार होता, भोवती भिंत घालणार होता, आणि यापुढे माळावरून कुणी जायचे नव्हते.

बायकोचा हात थांबला. "मग माणसं जायची कुठून?"

"टेकडीला वळसा घालून. शेट नवा रस्ता करून देणार म्हणे. चांगला रुंद."

"जिवंत माणसं जातील हो वळसा घालून. मेलेल्यांचं काय?"

गवंड्याने दोरी खाली ठेवली. गावाचे स्मशान नदीकाठी होते आणि गावातला प्रत्येक माणूस शेवटी त्याच पायवाटेने गेला होता. अर्ध्या वाटेवर एक काळा सपाट दगड होता. तिथे तिरडी क्षणभर खाली टेकवायची, पुढचे खांदेकरी मागे आणि मागचे पुढे व्हायचे, आणि मग निघायचे. त्याला विसावा म्हणत. विसावा झाला की ओझे हलके होते, असे म्हातारी माणसे सांगत. गेलेला माणूस घराची ओढ तिथे ठेवून पुढे जातो, म्हणून.

गावातला सर्वांत म्हातारा माणूस शेटकडे गेला. शेट काही वाईट नव्हता. त्याने म्हाताऱ्याला बसायला पाट दिला.

"बाबा, दगडच हवा ना तुम्हाला? मी तो उचलून नव्या रस्त्यावर बसवतो. वर छप्पर घालतो. ऊन लागायला नको."

"शेट, दगड उचलता येईल. जागा कशी उचलणार?"

शेट हसला. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नये, असे त्याला लहानपणी शिकवले होते.

भिंतीचे काम गवंड्याकडे आले. एका दुपारी भाकरी वाढताना बायको म्हणाली, "भिंत तुम्हीच बांधताय ना? मग एक दार ठेवा."

"शेट नको म्हणतो. दार ठेवलं तर मग आवार कसलं, म्हणतो."

"का? त्याला नाही का जायचं कधी नदीवर?" ती हसली आणि हसता हसता तिला खोकला आला. तो खोकला आता बरेच दिवस जात नव्हता. "मला बाई त्या लांबच्या रस्त्यानं नेऊ नका. तुमचे सोबती तंबाखू मळत चालणार. मी पोचेपर्यंत दिवस मावळेल."

"काहीतरी बोलू नकोस."

"दार ठेवाल ना?"

"ठेवतो गं."

गवंड्याने एक युक्ती केली. जिथे वाट भिंतीला भिडत होती, तिथले दगड त्याने चुन्याशिवाय नुसते बसवले. नदीच्या बाजूलाही तसेच केले. बाहेरून काही कळत नव्हते. वेळ आली की दगड काढायचे आणि वाट मोकळी करायची. त्याने हे बायकोला सांगितले तेव्हा ती इतकेच म्हणाली, "विसरू नका म्हणजे झालं."

घरे उभी राहिली. माणसे राहायला आली. आणि थंडी सरता सरता गवंड्याची बायको गेली.

शेट स्वतः आला. त्याने चंदनाची लाकडे आणली, हात जोडले आणि अनवाणी पुढे चालू लागला. जिथे जुनी वाट आणि नवा रस्ता वेगळे होत होते, तिथे म्हातारा थांबला आणि त्याने गवंड्याकडे पाहिले. गवंड्याने भिंतीकडे पाहिले. पहिला दगड कोणता काढायचा, ते त्याला डोळे मिटूनही सांगता आले असते. पण शेट पुढे अनवाणी चालला होता. भिंतीआड लोकांच्या चुली पेटल्या होत्या. अशा दिवशी कुणाला कसे दुखवायचे? गवंड्याने मान खाली घातली आणि तो नव्या रस्त्याला वळला.

छपराखाली, हलवलेल्या दगडाशी त्यांनी तिला टेकवले, खांदे बदलले आणि उचलले. पुढचा माणूस हळूच म्हणाला, "जड झाली."

पंधरा दिवसांनी शेटचे बोलावणे आले. घरांच्या अंगणांत भेग पडली होती. एका अंगणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी ती थेट शेवटच्या घराच्या ओसरीपर्यंत गेली होती. गवंड्याने ती बुजवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच होती. तो तिच्या कडेने चालत गेला आणि त्याच्या लक्षात आले, की आपले पाय ही वळणे ओळखतात.

तेवढ्यात दुपारचे बारा झाले. अंगणात मुली सागरगोटे खेळत होत्या. त्या न बोलता उठल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पाणी आणणाऱ्या बाईने हंडा खाली ठेवला आणि बाजूला होऊन हात जोडले. कुत्रे उठून सरकले. समोरून काहीच येत नव्हते. थोडा वेळ गेला आणि मुली पुन्हा खेळायला बसल्या.

"काय गं, उठलात कशाला?" गवंड्याने विचारले.

"कोण उठलं?" मुली म्हणाल्या.

शेवटच्या घरात एक आजी एकटी राहत होती. तिची ओसरी बरोबर त्या काळ्या दगडाच्या जागेवर होती. ती म्हणाली, "गवंडीदादा, भेग राहू दे. रोज बाराला इथं कुणीतरी म्हणतं, जरा टेकवा हो. त्याचं बघ काहीतरी."

"कोण म्हणतं?"

"बाईमाणूस आहे. मधेच खोकते."

गवंडी तिथून निघाला तो सरळ भिंतीशी गेला. त्याने पहिला दगड काढला, मग दुसरा. शेट धावत आला.

"अरे, माझ्या भिंतीला हात लावतोस?"

"भिंत तुमची, शेट. माळही तुमचा. वाट तेवढी तुमची नव्हती. मला ते माहीत होतं आणि मी बोललो नाही. आता रोज बाराला कुणीतरी त्या वाटेनं येतं."

"उद्या अंगणात ये, बाराला," शेट म्हणाला. "मी स्वतः उभा राहतो. बघू कोण येतं ते."

दुसऱ्या दिवशी शेट अंगणाच्या मधोमध भेगेवर उभा राहिला. गावातली चार माणसे बघायला आली. सूर्य डोक्यावर आला. शेट बोलता बोलता थांबला, दोन पावले मागे सरला आणि त्याने भिंतीला पाठ लावली. मग डोक्यावरचे पागोटे काढून त्याने हात जोडले.

"शेट, बाजूला का झालात?" म्हाताऱ्याने विचारले.

शेटने आधी आपल्या काढलेल्या पागोट्याकडे पाहिले आणि मग जोडलेल्या हातांकडे.

त्याच आठवड्यात भिंतीला दोन दारे झाली, एक गावाकडे आणि एक नदीकडे. त्यांना कड्या नव्हत्या. आजीला दुसरे घर मिळाले, शेवटचे घर शेटने उतरवले आणि काळा दगड जागेवर परत आला. भेग बुजली. मुली बाराला खेळत राहिल्या. पुढे त्या वाटेने शेटही गेला, आणि विसाव्यानंतर खांदेकऱ्यांना तो हलका लागला.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: जमीन एकाची होऊ शकते, पण सगळ्यांच्या पायांनी पडलेली वाट सगळ्यांचीच राहते, आणि तिच्यासाठी बोलायचे ते वेळेवर बोलावे.

गवंडी रोज दुपारी त्या दगडाशी जाऊन बसे. माणसाला खांद्यावरून एकदाच नेतात. त्याच्या बायकोला तिथे टेकवायचे राहून गेले.