मशिनींचं तेल

टाळेबंदीत कामगारांचे पगार थांबू नयेत म्हणून गणवेश शिवणाऱ्या आमच्या कारखान्याला सरकारी मदत मिळाली. कारखाना उघडल्यावर मालक फडतरेशेठ तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना ऐटीत म्हणाले, "बायका घरी बसून होत्या. बसल्याचा कसला पगार?"

लेकीच्या दुधाचा रिकामा डबा मला आठवला. एरवी भाजीवालीशी घासाघीस करतानाही मी अडखळते, पण बोलून गेले, "शेठ, मशिनीही बसूनच होत्या. मग पास काढून दर आठवड्याला तेल घालायला का येत होतात?"

"नाहीतर गंजल्या असत्या. पुन्हा चालल्या कशा असत्या?"

"मग आम्हीही पुन्हा चालायला नको?"

अधिकारी हसले. "शेठ, यांचं तेल सरकारनं तुमच्याकडेच दिलंय. घाला आता."

नोकरी गेली असं धरून मी जेवणाचा डबा आवरत होते, तोच सगळ्यांचे मोबाइल वाजले. टाळेबंदीतला पगार जमा झाला होता.