ज्याने उडी मारू दिली नाही

पूर्वी शीलावती नगरात राजा वीरसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने वेशीबाहेरच्या कुंभारवस्तीत जन्म घेतला. तिथे त्याचे नाव सोमिल. त्याचा धाकटा भाऊ कालक. चाकावर कालकाचा हात असा बसलेला, की राजवाड्यातले रांजण त्याच्याच घरून जात. याची त्याला थोडी गुर्मीही होती.

उन्हाळ्यात नदी आटली की कुंभार पात्रातच खड्डे खणून चिकण माती काढीत. माती डोक्यावरून वाहायची, म्हणून खड्डा पाणवठ्याला जितका जवळ तितका बरा. पावसाळ्यात नदी भरली की खड्डे दिसेनासे होत. मग दरसाल कोणीतरी घोटाभर पाण्यात उतरे आणि पुढच्या पावलाला नाहीसे होई. त्यात वस्तीची रीत अशी, की बुडणाऱ्याच्या रक्ताच्या माणसाने मागोमाग उडी घ्यायचीच, पोहता येवो न येवो. जो काठावर उभा राहील त्याच्या हातचे पाणी कोणी पीत नसे. ही रीत एका मड्याची दोन मडी करी, आणि लोकांना तिचा अभिमान होता!

सोमिलाने आपल्या खड्ड्याच्या कडा फोडून उतार केला, भोवती बांबू रोवले आणि दूरच्या टेकाडाची भरड माती वापरू लागला. तिच्या भांड्यांना नगरात कोणी विचारीना. पाणवठ्यावर त्याने लांब दोराला तोंड बांधलेली रिकामी घागर अडकवून ठेवली. बुडणाऱ्यामागे जाऊ नका, ही फेका, असे तो भेटेल त्याला सांगे. लोक हसत. कालकाने नाक मुरडले. आपला खड्डा बुजवायचे त्याने रांजणांचे काम उरकेपर्यंत पुढे ढकलले, आणि तेवढ्यात नदी भरली.

कालकाची मुलगी भद्रा पाणवठ्यावर भांडी घासत होती. एक वाडगे वाहत निघाले. ते धरायला ती जराशी आत गेली आणि बापाच्याच खड्ड्यात गडप झाली. तिचा भाऊ नंदक, नुकतीच मिसरूड फुटलेला, रीतीप्रमाणे मागे झेपावला. भद्राने त्याच्या गळ्याला मिठी मारली, आणि दोघेही खाली गेली.

कालक धावत आला. आपल्याला पोहता येत नाही हे त्याला आठवलेसुद्धा नाही. पाण्यात पाय पडणार तोच मागून कमरेला विळखा बसला. सोमिलाने त्याला चिखलात आडवे पाडले, छातीवर गुडघा रोवला आणि तसेच बसून घागर फेकली.

"सोड मला, दादा. माझी पोरं आहेत ती."

"म्हणूनच सोडत नाही."

कालक त्याच्या मांडीला कडकडून चावला. जमलेले लोक दोघांनाही भेकड म्हणत होते. पहिली फेक हुकली. दुसऱ्या वेळी घागरीवर एक हात आला. तो भद्राचा होता. तिला ओढून घेतल्यावर सोमिल अंधार पडेपर्यंत दोर टाकीत राहिला, पण पुन्हा कोणी तो धरला नाही.

त्या संध्याकाळी कालक सगळ्यांदेखत म्हणाला, की माझा मुलगा या माणसाने मारला. कोणी सोमिलाच्या घरचे पाणी घेईना, त्याच्या बायकोशी बोलेना. तरी तो घागरीचा दोर तपासायला रोज पाणवठ्यावर जात राहिला.

पूर ओसरला तेव्हा नंदक खड्ड्यातच सापडला. त्याला अंघोळ घालताना कालकाने त्याचे हात पाहिले. नखे तुटली होती आणि त्यांत तांबडी माती गच्च भरली होती, तो रांजणांसाठी काढायचा तीच. मग त्याने खड्ड्यात पाहिले. माती वाया जाऊ नये म्हणून त्याने भिंत सरळ कापली होती, हात अडकेल एवढीही खाच ठेवली नव्हती. पोर तिच्यावर चढू पाहत मेले होते.

दहन आटोपताच कालक कुदळ घेऊन कडा फोडू लागला. सोमिल शेजारी येऊन उभा राहिला आणि बांबू रोवू लागला.

"दादा, नंदकाला मी मारलं," कालक म्हणाला. "तू मला धरलंस म्हणून भद्राला बाप राहिला."

"एकच घागर होती माझ्याजवळ," सोमिल म्हणाला. "दोन हव्या होत्या." आणि तो रडला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा एका तरुण भिक्षूला सांगितली. त्याने नदीत बुडणाऱ्यामागे उडी घेणाऱ्या सोबत्याला धरून ठेवले होते आणि त्यासाठी साऱ्यांची बोलणी खाल्ली होती. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "त्या वेळचा कालक म्हणजे तू धरून ठेवलेला हा सोबती. भद्रा म्हणजे आपल्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका. आणि सोमिल मीच होतो. माणसे थुंकली तरी ज्याने पकड ढिली केली नाही, त्याची ती क्षांती, ती सहनशीलता."

नंदक आज कोण आहे, असे भिक्षूने विचारले. शास्त्यांनी नदीकडे, तो माणूस बुडाला होता तिकडे, पाहिले.