काशाची तलवार आणि कळकलेली कढी

दुर्धर राजाची तलवार भोपळ्यात वाकली! तीही भर दरबारात, पाहुण्यांसमोर! तांब्याची तलवार ती, चकाकायची झकास, पण जरा जोर लावला की मान टाकायची. पाहुण्यांनी माना खाली घालून हसू दाबलं. राजाचा पारा चढला.

"काशाची तलवार हवी! आठ दिवसांत!" तो धातू वितळवून ओतणाऱ्या सगुणी ओतारणीवर गरजला. "नाहीतर तुझी भट्टी फोडून टाकीन!"

सगुणीने मनातल्या मनात हिशेब केला. भट्टी गेली की म्हाताऱ्या बापासकट उपाशीच मरायचं!

"महाराज, कांसं म्हणजे नऊ वाटे तांबं नि एक वाटा कथील," ती म्हणाली. "तांबं आपल्याकडे ढीगभर आहे. पण कथील येतं चंडकेतू राजांच्या डोंगरातून, आणि तुम्ही तर..."

"त्या वैऱ्याचं नावही काढू नकोस! बाहेरून कणभर कथील येता कामा नये!"

"मग राज्यात आधीच असलेलं घेतलं तर चालेल?"

"खुशाल घे! कुणी अडवलं तर माझं नाव सांग!"

सगुणीला हेच हवं होतं. ती निघाली ती थेट राजाच्या मुदपाकखान्यात! तिथल्या तांब्याच्या तीनशे भांड्यांना आतून कथलाची कल्हई होती. आचारी डोकं धरून बसला आणि सगुणीने एकेक भांडं तापवून कल्हई पुसून काढली. कढीचं पातेलं तर तिने सर्वांत आधी उचललं. खरं सांगायचं तर तिला तेव्हा हसूच आवरेना.

आठव्या दिवशी तलवार तयार! राजाने ती लाकडाच्या ओंडक्यावर हाणली. ओंडका दुभंगला, तलवार जशीच्या तशी!

"शाब्बास! आता कढी आणा रे!" राजा नाचायचाच बाकी होता.

कढी आली, हिरवीगार! राजाने भुरका मारला आणि तोंड असं केलं की राणी घाबरून उठली.

"थू! ही तर कळकली आहे!"

"कळकणारच, महाराज," सगुणी म्हणाली. "कल्हई तुमच्या हातात आहे ना! आंबट ताक उघड्या तांब्यात किती वेळ टिकणार?"

"बरं, बरं! चार दिवस भाकरी खाईन! आता अशा हजार तलवारी ओत, मी चंडकेतूचा डोंगरच जिंकतो!"

"आत्ता ओतते! फक्त हजार मुदपाकखाने दाखवा!"

दरबार खदखदला. राजाने डोळे वटारले, पण मिशीखाली ओठ हलले.

"महाराज, चंडकेतूंच्या डोंगरात गुंजभर तांबं नाही," सगुणी म्हणाली. "नुसतं कथील तर बोटानेही वाकतं. तिथंही एक राजा वाकडी तलवार घेऊन चिडून बसला असेल! त्यांना तांबं धाडा, कथील मागवा."

"वैऱ्याला तांबं देऊ? तो तलवारी ओतून माझ्यावरच चालून येईल!"

"आणि पुढच्या खेपेचं तांबं कुणाकडे मागेल?"

राजाने मिशीला पीळ दिला. मग त्यालाही पेच टाकावासा वाटला. "असं? मग माझी तलवार मी कुणावर चालवू?"

"कुणावरही चालवा, महाराज! कथील देणाऱ्याला सोडून!"

राजा असा हसला, असा हसला की सिंहासनावरून घसरलाच! त्याच दिवशी तांब्याने लादलेले साठ बैल चंडकेतूच्या वाटेला लागले.

"भट्टी तुझीच," डोळे पुसत राजा म्हणाला, "आणि पहिल्या खेपेच्या कथलाचं सगळं कांसंही तुझं! काय ओतशील?"

"विळे!"

गावातल्या बायका तोवर गारगोटीच्या पात्यांनी कापणी करायच्या, बोटं रक्ताळायची. बैल कथील घेऊन परतले, त्या सुगीत सगुणीचे विळे घराघरांत गेले, आणि आठ दिवसांचं शेत दोन दिवसांत मोकळं झालं.