पहिला कप

हिवरवाडीत घरटी एक फौजी. पेन्शनीत आलेले सगळे संध्याकाळी पारावर जमायचे आणि कुठल्या देशाचं आरमार भारी, कुठला पुढारी खमक्या, यावर तावातावानं भांडायचे. पारापाशी एक लोखंडी खुर्ची होती. तीत मात्र कुणी बसायचं नाही.

एकदा मंत्रीसाहेब आले ते थेट त्या खुर्चीत ऐसपैस बसले. पुढ्यातला चहा संपवून त्यांनी परदेशी आरमाराचं तोंड भरून कौतुक केलं आणि म्हणाले, "आरमार बघावं आणि नेता ओळखावा! काय सुभेदार?"

सुभेदार धर्माजी निकमांची नजर रिकाम्या कपावरून हलेना.

"साहेब, आम्हाला नेता ओळखायला एक कप चहा पुरतो."

"तो कसा?"

"आत्ता प्यालात तो चहा आमच्या रंगनाथचा. खुर्चीही त्याचीच. तो सीमेवरून परतला नाही, पण पहिला कप रोज त्याच्यापुढं ठेवतो आम्ही. बसण्याआधी 'ही जागा कुणाची?' असं जो विचारील, तो आमचा नेता."

मंत्री चटका बसल्यागत उठले.

धर्माजींनी नवा कप भरून खुर्चीपुढं ठेवला.

"घे रंगा, गरम आहे. तिथं बर्फात गारच प्यायलो आपण."