हत्तिणीसाठी नवा शब्द

फार फार पूर्वी, म्हणजे आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीही ऐकीव म्हणून सांगितलं असतं इतक्या पूर्वी, एका जंगलातल्या राज्यात लाकडं वाहायला हत्ती असायचे. त्या काळी हत्ती माणसांशी बोलायचे, पण कामाच्या हुकमांचे फक्त नऊ शब्द त्यांना शिकवलेले. उचल, ठेव, चल, थांब, डावीकडे, उजवीकडे, असले साधे. तेवढ्यात सगळं भागायचं.

तिथे केरबा नावाचा तरुण माहूत होता आणि हौसा नावाची त्याची हत्तीण. दिवसभर वखारीत उचल, डावीकडे, चल, ठेव म्हणून म्हणून केरबाचा घसा बसायचा. त्याला वाटलं, या चारांचा मिळून एकच शब्द का नको?

दरवर्षी उंबराखाली माहुतांची सभा भरायची. नवा शब्द सुचवायचा तो तिथेच. केरबाने ‘हुंबा’ सुचवला. हुंबा म्हटलं की हत्तीने ओंडका उचलायचा, वळायचं, चालायचं, ठेवायचा. सगळे खूश. केरबाने एका दुपारात तो हौसाला शिकवला आणि तिचं बघून बाकीच्या वखारींतले हत्तीही शिकले. मग काय, दुसऱ्याला हळू उचलण्याचा वेगळा शब्द हवा झाला, तिसऱ्याला पाणी खोल असेल तरच थांबण्याचा. मुख्य माहूत भला माणूस. कुणाचं मन मोडायला नको म्हणून तो सगळ्यांनाच हो म्हणाला. जुना शब्दही एक काढला नाही, कारण म्हाताऱ्या हत्तींना तेच येत होते.

तीन वर्षांत शब्द झाले त्रेसष्ट. नुसतं उचलायला सात! शेजारचा माहूत बोलायचा ते केरबाला कळेना, केरबाचं त्याला. आणि हौसा? ती कान हलवत नुसती बघत राहायची. दोनदा तर काम अर्धवट सोडून थांबली. राज्याचा नियम असा की तिसऱ्यांदा हुकूम चुकला की हत्तीची रवानगी चुन्याच्या घाण्याला. तिथे डोळ्यांना पट्टी बांधून जन्मभर गोल फिरायचं.

अशात नदीवरच्या नव्या पुलाची तुळई बसवायची वेळ आली. सगळा गाव काठावर जमला.

‘‘हौसे, हुंबा,’’ केरबा म्हणाला.

हौसाने तुळई उचलली आणि तशीच उभी राहिली.

‘‘अगं बाई, हुंबा म्हणतोय ना मी.’’

‘‘ऐकलं रे. पण वळू कुठे? वखारीत हुंबा म्हणजे डावीकडे. इथे डावीकडे माणसं उभी आहेत.’’

केरबाला आत्ता उमगलं. कुठे वळायचं हे त्याच्या शब्दात नव्हतंच. त्याच्या वखारीत कायम डावीकडेच वळावं लागायचं, म्हणून ते कधी त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मुख्य माहूत जवळ आला. म्हणाला, ही तिसरी वेळ, शब्द सभेने मान्य केलेला आहे, तेव्हा दोष हत्तिणीचाच.

केरबा खाली उतरला. ‘‘नाही दादा, शब्दच अर्धवट आहे, आणि तो माझा आहे. ती थांबली म्हणून ही माणसं वाचली.’’

मुख्य माहूत पार गोंधळला. एकदा हत्तिणीकडे बघे, एकदा गर्दीकडे. ‘‘मग तीन वर्षं कुणी बोललं कसं नाही?’’

‘‘हुकूम ज्यांना पाळायचा त्या हत्तींना आपण विचारलं कुठे?’’ केरबा म्हणाला.

मग केरबाने साधं सांगितलं, उजवीकडे, चल, ठेव. तुळई जागेवर बसली.

हौसाचा घाणा टळला. पण मुख्य माहुताने केरबाला बजावलं की हुंबा आता तूच परत घे. केरबाला वाटलं, दोन दिवसांचं काम. पण हत्ती शिकलेलं विसरतो होय? वखारी-वखारी फिरून तीनशे हत्तींची सवय मोडता मोडता त्याचे केस पांढरे झाले. तरी तेव्हाचा एखादा, आता म्हातारा झालेला हत्ती हुंबा ऐकला की डावीकडे वळायचाच.

तात्पर्य काय, तर नवी गोष्ट सुचवायच्या आधी ती ज्याला पाळावी लागणार त्याला विचारावं, कारण शिकवायला एक दुपार पुरते आणि विसरवायला जन्म जातो.