तानूबाईंचा उजवा पाय

ठेकेदार भुजंगरावांनी भर बाजारात भाजीवाल्या तानूबाईंचा कृत्रिम पाय दांडक्यानं मोडला. कोर्टात भुजंगरावांचे वकील पाटणकर ऐटीत म्हणाले, "साहेब, ही दुखापत नव्हेच! पाय प्लास्टिकचा. खुर्ची मोडावी तशी एक वस्तू मोडली, एवढंच."

खुर्ची!

तानूबाई कठडा धरून उठल्या. "साहेब, भुजंगरावांनी माझ्यावर उलटी फिर्याद केलीय, ती तेवढी वाचून दाखवा."

न्यायाधीशांनी कागद उचलला. "'तानूबाईनं मला प्लास्टिकच्या उजव्या पायानं लाथ मारली...'"

"म्हणजे मोडला तेव्हा खुर्ची, आणि लागला तेव्हा माझा पाय? वकीलसाहेब, खुर्चीच असेल तर लाथ खुर्चीनं मारली. मला कशाला आरोपी केलंत?"

पाटणकर बसायला वळले, आणि खुर्चीकडे बघून उभेच राहिले.